बांधावरचं प्रदर्शन

आमचे चित्रकलेचे सर चालताना एक रेघही काढायचे नाहीत, आणि आम्हाला काढू द्यायचे नाहीत. दर हिवाळ्यात आम्हा चार-पाच चित्रकारांना घेऊन ते नालवाडीहून निघायचे, ते अल्लीपूरपर्यंत. दोन दिवस पायी. वही पिशवीत, मोबाईल बंद. कोणी पेन्सिल काढलीच, तर म्हणायचे, "अबे, आधी पायाले तं पाहू दे!"

आणि पायांना खरंच दिसायचं. भेगाळलेली काळी माती, तुरीची पिवळी फुलं, वेचणीला आलेला कापूस. दुपार कलली की आपण चालतोय की शेतंच सावकाश मागे सरकताहेत, हे कळेनासं व्हायचं. बोलावंसंच वाटायचं नाही.

चित्र नंतर, घरी. पण सरांचा दंडकच होता, "ज्याचं वावर काढलं, त्याले पहिले दाखवाचं. मंग दुनियेले." चित्र बांधावर टेकवून ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं.

एका वर्षी वाटेवरच्या शांताबाईच्या शेताचं माझं चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. माझं पहिलंच! सोमवारी पाठवायचं होतं.

"बाईले दाखवलं काय?" सरांनी विचारलं.

"फोटो पाठवते ना, सर," मी वैतागून म्हटलं. डॉक्टरांनी चालायला बंदी केलेले सर चपला घालू लागले. मग काय करणार? गेलो दोघं.

शांताबाईनं पदराला हात पुसले. बराच वेळ पाहिलं.

"वावर माहंच हाय," ती म्हणाली. "पण मी काऊन नाई ह्याच्यात? त्या दिवशी तुमच्या समोरच तं कापूस वेचून राह्यली होती."

मला ऊन आठवत होतं, बोंडं आठवत होती. ही बाई आठवत नव्हती. सर बांधावर बसून शांतपणे पाणी पीत होते.

ते चित्र मी पाठवलं नाही. मुंबई हुकली म्हणून घरी येऊन रडलेही. मग आठ दिवस त्याच शेतात जाऊन नवं चित्र केलं. शांताबाईला बसायला सवड नव्हती, म्हणून कापूस वेचताना वाकलेलीच काढली. तोवर सर दवाखान्यात भरती झाले होते. चित्र घेऊन मी धावत गेले.

"बाईले दाखवलं?"

"हो सर. हसली."

"मंग मले काऊन दाखवून राह्यली?" म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला त्यांची शाबासकी हवी होती, फार हवी होती. दोन दिवसांनी सर गेले. शाबासकी मला शांताबाईच्या हसण्यातच मिळाली होती, हे त्यांच्या माघारी ती वाट पुष्कळ चालल्यावर कळलं.