मालक दारात उभा हवा

किल्लीकाकांच्या मी जितक्या चहाड्या केल्या तितक्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या केल्या नसतील, आणि त्यातल्या निम्म्या त्यांच्या तोंडावर. जिन्याखाली त्यांचं दुकान. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत शिरलं की काकांना बाहेर यावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, टेबलावर कानशी, आणि पितळेचा कीस बोटांच्या रेषांत कायमचा बसलेला. "यांनी मायेनं हात फिरवला तरी ओरखडा उठतो," असं काकू चारचौघांत सांगत, आणि आम्ही चहाटळ मंडळी पुढचं ऐकायला टपलेलीच.

काकांचा नियम एकच. मालक दारात उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा आला. म्हणाला, "भावोजी, हिच्या कपाटाची किल्ली हरवलीय."

"तिला घेऊन ये."

तो तिला घेऊन आला नाही. ती आली असती तर किल्ली लगेच सापडली असती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो कपाटात काय शोधत होता तेही ठाऊक होतं. पण ते इथं नको.

हाच मेहुणा कचेरीत कारकून. त्या वर्षी सरकारनं नदीपलीकडच्या देशात फौज धाडली. तिथल्या लोकांना त्यांच्याच राज्यकर्त्याच्या जाचातून सोडवायला, असं भिंतीभिंतीवर चिकटवलेल्या कागदांत छापलं होतं. त्या लोकांनी बोलावलं होतं का, ते मात्र कागदात कुठं नव्हतं. मग आमच्या गावात लष्कराच्या पेट्या यायला लागल्या आणि हुकूम निघाला, की बंद असलेली घरं सामान ठेवायला ताब्यात घ्यावीत. कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाई आजारी बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांचं घर यादीत पहिलं.

मेहुणा संध्याकाळी कागद घेऊन आला. "उद्या दहाला या, भावोजी. पाच मिनिटांचं काम."

"बाई आल्यात का?"

"बाई कशाला हव्यात? हुकूम आहे. मोठ्या साहेबांची सही आहे."

"घर साहेबांचं आहे का?"

"अहो, उगाच फाटे फोडू नका. परवाना काढून घेतील. दुकान गेलं तर ताईला खायला काय घालणार, कुलपं?"

काकूंनी रात्रभर समजावलं, रागावल्या, शेवटी अबोला धरला. काकूंचा अबोला म्हणजे काय, हे ज्यांनी त्यांचं बोलणं ऐकलंय त्यांनाच कळेल. काका सकाळी उठले, दाढी केली आणि हत्यारांची पिशवी खुंटीवर तशीच ठेवून कोपऱ्यावर गेले.

तिथं कप्तान उभा होता. तरुण, सभ्य, बोलणं अगदी मऊ. "काका, हे काम माझं नाही, देशाचं आहे. मी सगळ्यांच्या वतीनं मागतोय."

"साहेब, मी एकट्यानं हे घर उघडून माझं सामान आत ठेवलं, तर?"

"ती चोरी."

"मी आणि शेजारी मिळून ठेवलं तर?"

"तीही चोरीच."

"मग किती जण झाले म्हणजे चालतं? आकडा सांगा, तेवढी माणसं मी जमवतो."

गर्दी हसली. कप्तानही हसला, मग गंभीर झाला. "सरकार तुम्हीच निवडलंत ना?"

"निवडलं. पण जो हक्क माझ्यापाशीच नाही, तो मी त्याला दिला कुठून?"

"पलीकडे माणसं मरताहेत. तुमच्या एका कुलपासाठी त्यांनी थांबायचं?"

"ज्याला मदतीला जायचंय त्यानं जावं, साहेब. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या जिवावर. दुसऱ्याचं घर आणि दुसऱ्याचा मुलगा उचलून नेऊन कसली मदत करायची? आणि एकदा नेलेलं परत आणून देता येत नाही. मला माहीत आहे."

गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. कारण आम्हालाही माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी असंच एक युद्ध होतं, असेच कागद होते. वखारवाल्यांचे दोन मुलगे सक्तीची भरती चुकवून लाकडांच्या खोलीत लपले होते, बाहेरून कुलूप. ते कुलूप काकांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं. तेव्हाच्या अधिकाऱ्यानं खिशातून घड्याळ काढलं आणि म्हणाला, "बघू, कारागिराला किती वेळ लागतो." काका तरुण होते, हुशारीची घमेंड होती. अर्ध्या मिनिटात कुलूप हातात. आत कोण आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. अधिकाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आम्ही बघ्यांनीही वाजवल्या, मीही. मग दोघा भावांना बाहेर काढलं. त्यांतला धाकटा परत आला.

कप्तानानं आणखी वाद घातला नाही. पहार मागवली. दाराची चौकट उभी चिरली. आत जाऊन बघतात तर छत बुटकं, भिंतींना ओल, पेट्या काही दारातून जाईनात. आले तसे निघून गेले, दार उघडं टाकून.

दुपारी दुकानाला सील लागलं. लावायला मेहुणाच. लाख भलतीकडेच सांडत होती. काका म्हणाले, "नीट लाव रे, नाहीतर तुला पुन्हा पाठवतील."

मग काकांनी घरातलं स्टूल उचललं आणि बाईंच्या फुटक्या दारात जाऊन बसले. उघडं घर, कुणीही शिरेल. स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. काकूंनी अबोला न सोडता डबा पोचवायला सुरुवात केली. डबा आपटून ठेवत, पण वेळेवर.

पाचव्या दिवशी वखारवाला आला, तोच धाकटा भाऊ. खांद्यावर नवी फळी. इतकी वर्षं काका त्याला पाहिलं की रस्ता बदलत. आज स्टुलावरून उठून जाणार कुठं?

"चौकटीला लागेल," तो म्हणाला.

"बाई येऊ देत. त्यांना विचारून लावू."

तो फळी भिंतीला टेकवून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा त्या दिवशी आत म्हणत होता, घाबरू नकोस, काका आहेत. ते आधी दार वाजवतील."

काका बोटांच्या रेषांतला कीस खरवडू लागले. वखारवाला जायला वळला, थांबला, आणि परत येऊन पायरीवर त्यांच्याशेजारी बसला. दुसऱ्या दिवशीही आला. दोघं काय बोलत ते ऐकायला मी दोनदा मुद्दाम तिथून गेलो. बोलतच नव्हते.

अकराव्या दिवशी बाई आल्या. दार पाहून हातातली पिशवी खाली ठेवली. काका उठून बाजूला झाले. "आत काही गेलंय का बघा, बाई. आम्ही आत गेलो नाही."

बाई एकेक खोली बघून आल्या. "सगळं जागेवर आहे. कुलूप तेवढं नवं बसवून द्या."

"परवाना नाही राहिला माझ्याकडे."

"दार माझं आहे," बाई म्हणाल्या. "मी सांगतेय, बसवा."

वखारवाल्यानं चौकट धरली, काकांनी घरून आणलेल्या पिशवीतून कुलूप काढून पहिला स्क्रू लावला. भर रस्त्यात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. तेवढ्यात समोरून मेहुणा आला. त्यानं पाहिलं, क्षणभर थबकला, मग काखेतली छत्री उघडून चेहऱ्यासमोर आडवी धरली आणि काहीच न दिसल्यासारखा निघून गेला.