सहा सुती साड्यांचं शीड

सून बाळंतपणाला माहेरी गेली, आळेफाट्याला. आमच्या घरापासून गाडीनं जेमतेम अर्धा तास. पण बाळंतपण माहेरचं असलं की बोलावणं आल्याशिवाय सासूनं तिकडं फिरकायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. ज्यानं ती काढली त्याला सून नसणार.

त्यात गेल्या खेपेला सातव्या महिन्यात पोटातलं गेलं होतं. मी शहाणीनं आधीच डझनभर दुपटी शिवून ठेवली होती. ती सुनेच्या नजरेला पडली आणि पोर अशी रडली की मला जन्मात विसरायचं नाही. म्हणून ह्या खेपेला ठरवलं, बातमी येईपर्यंत बाळासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. सहा जुन्या सुती साड्या ट्रंकेत पडून होत्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. माझे हात नुसते शिवशिवत होते. भीती तर इतकी वाटायची की फोन वाजला की आधी देवाला हात जोडायचे, मग उचलायचा.

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या ह्यांनी होडी आणली.

शेती मुलाकडं सोपवल्यापासून ह्यांचं डोकं रिकामं. मोबाईलवर कुठलं तरी गोरं जोडपं शिडाच्या होडीतून समुद्र ओलांडताना बघितलं, आणि येडगावच्या धरणावरच्या एका मासेमाराची जुनी होडी घेऊन आले. म्हणाले, "चार दिवस, तीन मुक्काम. धरणाला पुरा वेढा मारायचा." मुक्काम कुठं, तर एक नणंदेकडं, एक ह्यांच्या मावसभावाकडं, एक माझ्या बहिणीकडं. सगळ्यांची रानं पाण्याला लागून. म्हटलं, ही सफर आहे का पत्रिका वाटायला निघालोय?

"शीड कशाचं करणार?" मी विचारलं.

"शेडनेट पडलंय की घरात."

"अहो, रोपांवरची जाळी ती, त्यातनं वारं आरपार जाईल."

ह्यांनी विचार केला. लई वेळ केला. शेवटी मीच ट्रंक उघडली.

तीन दिवस मशीन चालवलं. जरा वेळ पायडल मारायचं, मग फोन बघायचा, पुन्हा पायडल. निळी, हिरवी, चॉकलेटी, दोन ठिपक्यांच्या आणि एक इरकली काठाची. शीड अंगणात पसरलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "लगीन हाय का कुणाचं? मांडव बरा झालाय."

बांधायचं काम ह्यांचं. ह्यांनी आयुष्यभर टोमॅटो बांधले, आणि टोमॅटोच्या बांधणीचा नियम एकच: एकदा बांधलं की हलता कामा नये. त्याच हातानं शीड बांधलं. बांबूला तार, कापडाच्या कोपऱ्यांना सुतळीच्या दुहेरी गाठी. "वादळ आलं तरी जागचं हलणार न्हाई," म्हणाले. शीड वाऱ्याप्रमाणं फिरवावं लागतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सकाळी चाचणीला निघालो. नुसती चाचणी, तरी ह्यांनी शेगडी, उशा आणि कुकर चढवला. फोन मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला. होडी झोकात निघाली. सरळ गेली आणि सरळच जात राहिली. धरणाच्या मधोमध पोचलो आणि गळ्यात फोन वाजला.

मुलगा होता. "आई, मुलगी झाली. दोघी ठणठणीत हायेत. तुझ्या विहीणबाईंनी बोलावलंय, लगेच निघ."

मी काय बोलले ते आठवत नाही. हमसून हमसून रडले, एवढं आठवतंय. ह्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"वळवा होडी," मी म्हटलं.

वळेना. वारा आम्हाला पलीकडच्या काठाला, नणंदेच्या दारात घेऊन चालला होता. ह्यांनी गाठींना नखं लावली, दात लावले. "बांधणी पक्की झालीय," म्हणाले, आणि खरं सांगते, आवाजात अभिमान होता.

मी भाजीची सुरी काढली आणि सुतळ्या कापल्या. अख्खं शीड माझ्या डोक्यावर पडलं. हे वल्ही मारायला बसले, आणि मी तिथंच शिवण उसवायला घेतली.

"अगं, शीड हाय ते. सफरीचं काय?"

"सफर तुम्ही शेडनेटवर करा. मला दुपटी करायचीत."

वल्हं थांबलं. वाटलं, आता चिडणार. पण म्हणाले, "आधी निळी घे. ती जास्त मऊ हाय."

घरी येऊन निळीचं एक दुपटं फाडलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि आळेफाटा गाठला. वाटेत मात्र धीर सुटला. गेल्या खेपेचं तिला आठवलं तर? दुपट्याची पिशवी पदराखाली धरूनच खोलीत शिरले.

सुनेनं मला बघितलं आणि म्हणाली, "आई, दुपटी आणलीत ना?"

मी दुपटं काढून तिच्या हातात दिलं. तिनं नातीला त्यात गुंडाळलं. एका कोपऱ्याला सुतळीची गाठ तशीच राहिली होती. मी सोडवायला गेले, पण ती काही सुटेना.