मापकाकूंचं सुप्रभात

“सांग बघू, माझी कुठली बाजू?”

मापकाकू माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, ओपीडीबाहेरच्या बाकावर. स्तनाच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. मी ओढणी दोनदा गुंडाळून कोपऱ्यात बसलेली, आणि ही साठीची अनोळखी बाई शेजारी येऊन, छाती पुढे काढून विचारतेय! वर्गातल्या पोरांना पंचवीस वर्षं दटावलेली मी, पण माझी बोबडीच वळली. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, “उजवी.”

“नापास! डावी. आठ वर्षं झाली काढून. आता सरळ बस, खांदा पडलाय तुझा.”

डोंबिवलीत मानपाडा रोडला त्या ब्लाउज शिवायच्या. टेप न लावता नुसत्या नजरेनं माप घ्यायच्या, म्हणून मापकाकू. स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका बाजूला वजनच नसलं की ब्लाउज वर चढतो, पदर सरकतो, बाई वाकडी चालायला लागते. मग त्यांनी ब्लाउजच्या आत बसेल अशी जुन्या मलमलीची गोल पिशवी शिवली, तिच्यात राळ्याचे बारीक दाणे भरले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन जमवलं. आधी स्वतःला, मग वॉर्डातल्या एका बाईला, मग मागेल तिला. मी पैशाचं विचारलं तर खेकसल्या, “मग काय, दुकान मांडू याचं?”

पुढे रीतसर संस्था काढायची ठरली. मी शाळामास्तरीण, त्यामुळे कागदपत्रं माझ्या गळ्यात. ‘संस्थेचा उद्देश’ या रकान्यात मी ‘सर्वांगीण पुनर्वसन’ वगैरे लिहीत होते. काकूंनी चष्मा चढवून वाचलं आणि म्हणाल्या, “हे काय लिहिलंयस? लिही, बाईचा पदर सरकू नये.” मी ते लिहिलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

एकदा पावसाळ्यात कोलशेतहून एका बाईचा रडत फोन आला, “काकू, पिशवीतून काहीतरी उगवलंय हो!” तिनं पिशवी राळ्यांसकट धुऊन दोन दिवस ओलीच दोरीवर टाकलेली. शिवणीतून हिरवे कोंब बाहेर! आता त्या बिचारीला वाटलं, आजारच परत उगवला. काकू हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या. “अगं, पीक आलं तुला! कापणीला बोलाव आम्हाला!” तीही मग रडता रडता हसायला लागली. तेव्हापासून काकू राळे भाजून घ्यायच्या, आतली पुरचुंडी वेगळी करायच्या आणि पिशवीला टिचबटणं लावायच्या.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला त्यांचं फूल यायचं. खाली ठरलेलं वाक्य, ‘सुप्रभात. गोळी घेतली का? नाश्ता केला का?’ ग्रुपमध्ये पन्नासेक बायका, पण कुणाचं उत्तर आलं नाही तर दुपारपर्यंत काकूंचा फोन गेलाच म्हणून समजा. “रडायचं असेल तर रड,” त्या सांगायच्या, “पण जेवून रड.”

आमच्या ओळखीच्या तिसऱ्या वर्षी काकू कंबरेवर हात ठेवून चालायला लागल्या. मशीनवर बसून बसून धरलीय, म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. खरं तर ठेवायचा होता म्हणून ठेवला.

त्याच सुमाराला सुजाताचं प्रकरण झालं. बत्तिशीची पोर, मानपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहिल्या केमोनंतर केस गेले आणि तिनं घराचं दार लावून घेतलं. “मी नाही जाणार परत. मरायचंच असेल तर इथे मरते.” काकू तीन जिने चढून गेल्या, मागे मी. फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. “बघ माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “आहे ना धडधाकट?”

सुजातानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “काकू, तुम्ही आहात तोवर मी सुया घेईन.”

उतरताना दुसऱ्या जिन्यावर काकू मटकन पायरीवर बसल्या. पदराखालून कमरेचा पट्टा दिसला. “रिपोर्ट आलाय गं,” त्या म्हणाल्या. “मणक्यात गेलंय. तोंड उघडलंस तर बघ.”

“काकू, खरं सांगा तिला.”

“खुळी का काय तू? माझ्याकडे बघून बायका आत जातात. मीच आडवी झाले हे कळलं तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं त्यांनी? तिच्या सहा सुया होऊ देत. मग वाट्टेल ते सांग.”

महिन्याभरानं त्या लेकाकडे पुण्याला गेल्या; बायकांना सांगितलं, गावाला जातेय. जाताना स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. “रोज साडेसहाला फूल टाकायचं. मी असेन, नसेन.” मी खूप हुज्जत घातली. त्यांनी ऐकलं नाही. आणि मी मेलीनं मोबाइल घेतला.

पाच आठवड्यांनी लेकाचा फोन आला. काकू गेल्या. इतक्यात कुणाला कळवू नका, आईनं बजावलंय, म्हणाला. सुजाताच्या दोन सुया बाकी होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी जास्वंद टाकलं. ‘सुप्रभात. गोळी घेतली का?’ पन्नास बायकांनी हात जोडले. तेराव्यालाही टाकलं, त्या दिवशी मोगरा. सुजाता काकूंना वेगळं लिहायची, ‘तोंड आलंय काकू, काय खाऊ?’ मी लिहायचे, ‘गार आंबील पी. आणि जेवून रड.’ लिहिताना काकूंचा आवाज कानात असा स्पष्ट यायचा की मी दचकून मागे बघायचे. बोटं माझी, बोलणं त्यांचं. ‘लवकर या काकू,’ ती लिहायची, आणि मी म्हणायचे, ‘येते गं.’ मेलेल्या माणसाच्या नावानं ‘येते’ लिहिताना काय होतं, ते मी कुणाला सांगू शकत नाही.

सहावी सुई झाली, त्याच्या आठवड्याभरानं मी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मग मी रोज कुणाशी बोलत होते?”

मी पर्समधून काकूंचा मोबाइल काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं हात लावला नाही.

“तुम्ही मला त्यांना शेवटचं बघू दिलं नाहीत, मॅडम.” त्याच दिवशी ती ग्रुपमधून बाहेर पडली. ती बरी आहे, कामावर जाते, असं ऐकते. माझा फोन उचलत नाही. मी तिला दोष देत नाही.

ग्रुपलाही मी सगळं सांगितलं आणि काकूंचा मोबाइल लेकाला परत पाठवला. तरी साडेसहाला मला जाग येतेच. आणि हात उशीजवळ चाचपत राहतो.

परवा ओपीडीत कल्याणची एक बाई शेजारी बसली. पहिलीच केमो. म्हणाली, “आमच्या शेजारणीला एका काकूंनी पिशवी शिवून दिली होती. त्यांनापण हेच झालं होतं ना? कुठे असतात त्या? बऱ्या आहेत ना?”

‘गावाला गेल्यात’ हे शब्द अगदी ओठावर आले होते.

“गेल्या,” मी म्हणाले. “याच आजारानं. परत आला होता.”

तिनं मांडीवरची फाइल उचलली. वाटलं, आता ही उठून घरी जाणार.

“ऑपरेशननंतर किती वर्षांनी गेल्या?”

“अकरा.”

“अकरा?” तिनं बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. “म्हंजे माझी पिंकी तवर अठराची होईल!” आतून तिचं नाव पुकारलं. तिनं पदर खोचला आणि आत गेली.

मी बाकावर तशीच बसून राहिले. काकू, अकरा वर्षं पुरली असती हो. खरं सांगितलं असतं तरी बायका आत गेल्या असत्या. आणि तुमच्या उशाशी आम्ही सगळ्याजणी असतो.