वहिनींच्या खात्याला माझा नंबर

गेल्या महिन्यात एका मंगळवारी कोल्हापुरात ऑफिसची मीटिंग चालू होती, आणि वहिनींचा व्हॉट्सॲप आला... क्यूआर कोडचा फोटो. त्यात मला काही नवल वाटलं नाही.

दादा ओमानला ट्रेलर चालवतो. पगार माझ्या खात्यावर पाठवायचा. वहिनी आईसोबत गडहिंग्लजला राहतात, काही घ्यायचं झालं की दुकानातून असा फोटो पाठवायच्या आणि मी पैसे टाकायचो. घरात सगळे याला सोय म्हणायचे... मीही.

या वेळी कोड सोनोग्राफी सेंटरचा होता. बाहेर येऊन फोन लावला.

"कसली सोनोग्राफी, वहिनी?"

"पोटाची हाय, भावजी."

"पोटाला काय झालंय पण?"

पलीकडे माणसांचा गलका ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाज आला, "बायकांचं हाय ओ..."

"मीटिंग सुटली की टाकतो," म्हणालो आणि आत गेलो. नंतर फोन केला तर त्या एसटीत बसून घराकडे निघाल्या होत्या. तपासणी न करताच.

शनिवारी घरी गेलो तेव्हा आईकडून कळलं, कित्येक महिने वहिनींचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. "मला आधी सांगायचं नाही का?" मी जरा रागानंच विचारलं.

वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवऱ्याला फोनवर सांगायला जीभ रेटत न्हाय... आन् दिराला सांगून पैसं मागू व्हय?"

मला तिथं बसवेना.

सोमवारी रजा टाकून त्यांच्यासोबत गेलो. गर्भाशयात लहान गाठ निघाली, औषधानं आटोक्यात राहील म्हणाल्या डॉक्टर. तिथून थेट बँकेत. वहिनींचं खातं होतंच, कधीपासूनचं... फक्त त्याला मोबाईल नंबर माझा होता आणि एटीएम कार्ड माझ्या पाकिटात. 'त्यांना कुठं जमतंय' म्हणून मीच तसं केलं होतं. नंबर बदलला, कार्ड त्यांच्या हातात दिलं.

दादाला सांगितलं, आता पैसे वहिनींच्याच खात्यावर पाठव. तो तडकला, "तुला जड झालं काय रं?"

"जड न्हाय, दादा. पण तुझ्या बायकोचं दुखणं तुझ्या आधी मला कळतंय, हे बरं हाय का?"

मग तो म्हणाला, "दे तिच्याकडं फोन."

परवा या महिन्याचे पैसे वहिनींच्या खात्यावर जमा झाले. वहिनींनीच आनंदानं सांगितलं. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच... आता ह्या कशावर खर्च करतील?

त्या मंगळवारच्या फोनची लाज वाटतेच. या विचाराची जास्त वाटली.