सनीयाचं पहिलं प्रकरण

सनीया अलेक्झांड्रियातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायची. गोष्ट तिच्या नाझली आत्याची होती. तरुणपणी आत्या बापाचं न ऐकता, होड्या बांधणाऱ्या एका सुताराबरोबर रशीद गावाहून नेसत्या कपड्यांनिशी निघून आली होती. पुढे तिने जे भोगलं, ते फक्त सनीयाला सांगितलं होतं. "लिही," ती म्हणाली होती, "पण मी आहे तोवर लिही."

त्याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली. सनीयाने पहिलं प्रकरण लिहिलं, मग सुधारलं. दुसरं लिहायला घेतलं की पहिल्यात खोट दिसायची, की ती पुन्हा मागे. पहिलं चोख झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नेमच होऊन बसला. धक्क्यावरची पहाट, खारा वारा, मुलीच्या हातातलं बोचकं, सगळं घासूनपुसून लख्ख झालं होतं. मुलगी मात्र होडीत चढत नव्हती.

कुणी विचारलं तर सनीया म्हणायची, "झालीच आहे. जरा शेवटचा हात फिरवतेय."

आत्याला आता नीटसं दिसत नव्हतं. तिचा धीर सुटला आणि एका शुक्रवारी तिने शेजारच्या बायकांनाच बोलावलं. सुनेने, मदीहाने, बसबूसा, म्हणजे रव्याची पाकातली वडी, केली. सनीयाने पहिलं प्रकरण वाचलं. बायका अगदी चिडीचूप होऊन ऐकत होत्या.

"छान. आता शेवट वाच," आत्या म्हणाली.

"ती पानं घरी राहिली, आत्या."

"मग मदीहा आणेल की. ट्रामने दोन थांबे तर आहेत. किल्ली दे तिला."

मदीहा उठलीसुद्धा. सनीयाने पर्समध्ये हात घातला, किल्ली लागली, पण हात बाहेर निघेना.

"नको जाऊस," ती शेवटी म्हणाली. "घरी काही नाहीये. एवढंच लिहिलंय."

"इतक्या वर्षांत एवढंच?" एक बाई पुटपुटली. दुसरीने तिला कोपर मारलं.

"खा गं, गार होतंय," आत्या म्हणाली. बायका लवकरच उठल्या.

दोघीच उरल्यावर आत्या म्हणाली, "मला वाटायचं, मला वाईट वाटेल म्हणून तू शेवट ऐकवत नाहीस."

"सुरुवात नीट व्हायला हवी होती."

"माझं काय नीट झालं गं? पहिलं पोर गेलं, तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवलीच ना मी?"



जाण्याआधी सनीयाने ती सगळी पानं मदीहाकडे दिली आणि कपाटात ठेवायला सांगितली. त्यानंतर तिने मागे न बघता लिहिलं. वाईट लिहिलं. वाक्यं लंगडी, माणसांची नावं मध्येच बदललेली. दर शुक्रवारी ते वाचताना तिचे कान तापायचे.

"ह्यात मी किती रडतेय," आत्या एकदा म्हणाली. "टीव्हीवरच्या मालिकेतली बाई आहे का मी?"

"दुरुस्त करते."

"आत्ता नको. पुढे वाच."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवट झाला. आत्याने तो पुरता ऐकला. "असंच काही झालं नव्हतं," ती म्हणाली, "पण चालेल."

मग सनीयाने जुनी पानं मागून घेतली आणि तिथेच वाचली. धक्क्यावरची ती नाजूक, बोचकं कवटाळून उसासे टाकणारी मुलगी आत्या नव्हतीच. तसली मुलगी रशीदहून कधी निघालीच नसती. कादंबरी खरं म्हणजे त्या चुलीपासून सुरू होत होती.

"पहिलं प्रकरण काढून टाकावं लागणार," ती म्हणाली.

"ज्यात तू एवढी वर्षं घातलीस, ते?"

"तेच."

आत्या दात नसलेल्या तोंडाने खळखळून हसली. सनीयाला हसता आलं नाही. ती चहा टाकायला म्हणून आत गेली आणि आधण उकळून आटायला आलं तरी तिथेच उभी राहिली.