करंजी, जाताना डाव्या हाताला

समुद्रातलं खडप वरून बघायचं असेल तर भर दुपारची वेळ धरावी. सकाळी ऊन तिरपं पडतं, पाणी नुसतं चकाकतं आणि बघणाऱ्याचे डोळे दिपतात. शमाल सुटला असेल, म्हणजे वाळू घेऊन येणारा तिकडचा उत्तरेचा वारा, तर त्या दिवशी आशाच सोडावी. ओहोटी असली तर उत्तम. मी काही समुद्राचा अभ्यासक नाही. कतारच्या समुद्रात तेलाच्या एका प्लॅटफॉर्मवर मी इलेक्ट्रिशियन होतो आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक वर्षं हेलिकॉप्टरनं त्या खडपावरून ये-जा केली, एवढंच माझं शिक्षण.

खडप हा आमच्या रत्नागिरीकडचा शब्द. अरब लोक त्याला फश्त म्हणायचे. पोवळ्यांनी बांधलेला, पाण्याखाली हातभरावर आलेला लांबच लांब उथळ खडक. आमच्या प्लॅटफॉर्मच्या थोडं अलीकडे असा एक फश्त होता आणि समुद्रावर काम करणाऱ्यांत तो भलताच प्रसिद्ध होता. नवा माणूस पहिल्यांदा निघाला की जुने त्याला कोपरानं ढोसून सांगत, ‘आता खाली बघ.’ गडद निळ्या पाण्यात एकदम फिकट हिरवा अर्धगोल उमटायचा. गोरे पायलट त्याला मूत्रपिंड म्हणत, केरळचे लोक काजू म्हणत. मला विचाराल तर ती सरळ सरळ करंजी होती. बाहेरच्या कडेला लाटा फुटून पांढरा फेस यायचा, तो थेट मुरड घातल्यासारखा. काजूला मुरड असते का? यावरून मी मेसमध्ये भांडलेलोही आहे.

ही करंजी फक्त वरूनच दिसे. बोटीतून गेलात तर पाण्याचा रंग जरा बदलल्यासारखा वाटे आणि धोक्याचा एक खांब दिसे, बस. प्लॅटफॉर्मच्या डेकवरून एक हिरवट रेघ. क्रेनच्या केबिनमध्ये चढलात तर ती रेघ थोडी जाड. पूर्ण करंजी पाहायची तर हेलिकॉप्टरच हवं, आणि त्यातही योग्य खिडकी हवी. त्या खिडकीचा आमच्यात रिवाज होता. मुलखाला रजेवर निघालेल्याला शेवटच्या फेरीला ती खिडकी द्यायची. मग तो कितीही कनिष्ठ असो, कुणी कुरकुर करत नसे. जाताना डाव्या हाताला, येताना उजव्या हाताला. हे मला झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

झोपेचाच विषय निघाला म्हणून आता बायकोबद्दल सांगतो.

लग्नानंतर वर्षाभरात मी तिला दोह्याला आणलं. फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत एका जुन्या घरातल्या दोन खोल्या, दारात लिंबाचं झाड, शेजारी रायगडकडचं एक मुसलमान कुटुंब. त्यातल्या भाभी माझ्या बायकोला पाठच्या बहिणीसारखं वागवत. सूक वाकिफच्या बाजारातून मसाला आणायचा, मासळीवाल्याशी हुज्जत घालायची, हे सगळं त्यांनीच तिला शिकवलं. मी आळीपाळीनं दोन आठवडे समुद्रावर, मग काही दिवस घरी. घरी असलो की मजा असे. ती हसरी, मी तिरसट, जोडा बरा जमला होता.

एकदा मी परतलो तर भाभींनी मला दारातच अडवलं. ‘‘भाऊ, तुम्ही गेलात की ही रातभर बत्ती चालू ठेवून बसते. किती ओरडलंय मी तिला. खाते कमी, झोपत तर नाहीच. काहीतरी करा तुम्ही.’’

बायकोला विचारलं तर आधी तिनं उडवून लावलं. मग रडली. तिचे वडील मालवाहू गलबतावर खलाशी होते. ती लहान असताना एकदा गेले ते आलेच नाहीत. ना वादळाची खबर, ना फळकुटाचा तुकडा. मला हे ठाऊक होतं, पण ते तिच्या अंगात इतकं खोल मुरलंय याची कल्पना नव्हती. ती म्हणाली, ‘‘तुम्ही जमिनीवर असलात की कुठे असाल ते मला दिसतं. तिकडे गेलात की काहीच दिसत नाही. नुसतं पाणी. खाली तळ नाही आणि वर तुम्ही.’’

‘‘अगं, तळ आहे. लोखंडी खांब तळात रोवलेत.’’

‘‘तुम्ही बघितलाय?’’

तेव्हा मला करंजी आठवली. मी तिला सांगितलं, प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ एक खडप आहे, तिथे पाणी कमरेइतकंसुद्धा नाही. माणूस पडला तरी तिथे जाऊन उभा राहू शकतो.

‘‘उभा राहून काय करणार?’’

‘‘तुझ्या नावानं हाका मारीन.’’

ती हसली, पण तिचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं. तेव्हापासून मी हट्टाला पेटलो, की हिला करंजी दाखवायचीच. एकदा डोळ्यांनी बघितली की भीती जाईल. हेलिकॉप्टरमध्ये बायकांना कोण घेणार? एका भल्या पायलटला गळ घालून फोटो काढवून घेतला, तर त्यात निळ्या रंगावर काचेचा ओरखडा तेवढा आला. बायको म्हणाली, ‘‘छान आहे.’’ तिच्या आईनं केलेल्या फसलेल्या पदार्थालाही ती याच सुरात छान म्हणे. कोळ्याच्या बोटीतून नेण्याचा विषय काढला तर ती दोन दिवस बोलली नाही.

आणि मग तिला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईचं दुपारचं विमान आमच्या प्लॅटफॉर्मच्या डोक्यावरून जायचं. जेवायची सुट्टी झाली की आम्ही डेकवर उभे राहून मान वर करून ते बघत असू आणि प्रत्येक जण मनातल्या मनात त्यात बसून घेई. म्हणजे वाट तीच, हेलिकॉप्टरची. नुसती उंची जास्त. मी स्वतः त्या विमानानं कधी गेलो नव्हतो, कारण कंपनी आम्हाला रात्रीच्याच विमानात कोंबायची. पण हिच्यासाठी मी दिवसाचं तिकीट काढलं. विमानतळावर काउंटरवरच्या माणसाला विनवणी करून खिडकी मिळवली. डाव्या हाताची. तिला बजावलं, ‘‘उडाल्यावर डोळे मिटून बसू नकोस. थोड्या वेळानं खाली बघ. हिरवी करंजी, पांढरी मुरड. त्याच्या जरा पुढे जळत्या वायूची ज्योत दिसेल, तो आमचा प्लॅटफॉर्म.’’

ती म्हणाली, ‘‘बघीन हो. नका एवढी काळजी करू.’’

मुलगी झाली. काही महिन्यांनी मी रजेवर गेलो. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या, लेकीला हातात घेण्याआधी मी विचारलं, ‘‘दिसली?’’

‘‘दिसली की!’’ ती म्हणाली. ‘‘अगदी करंजी. मुरडसुद्धा दिसली.’’

‘‘आणि ज्योत?’’

‘‘तीही. एवढीशी, समईसारखी.’’

मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंसमोरच तिचा हात धरला. ती पुढे म्हणाली, ‘‘आता शांत झोपते मी. तुम्ही कुठे आहात ते कळलंय ना मला.’’

मुलगी लहान, सासूबाई थकलेल्या, म्हणून ती गावीच राहिली. किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये बदली घेण्याचं मी तिच्या भीतीपायी जवळजवळ ठरवलं होतं, पण आता तीच ‘कशाला’ म्हणाली आणि तो विचार मी सोडून दिला. समुद्रावर भत्ता जास्त होता, माणसं ओळखीची झाली होती, आणि बायको शांत झोपत होती. करार संपला की मी नवा करत गेलो. दर रजेला तिला विचारायचो, झोप लागते ना? ती म्हणायची, लागते हो, किती वेळा विचाराल! मेसमध्ये मी ऐटीत सांगायचो, माझ्या बायकोनं विमानातून करंजी बघितली आहे. काजूवाल्यांची तोंडं बंद.

अशी वर्षं गेली. लेक शाळेत जायला लागली. मग एका उन्हाळ्यात तिला आजीकडे ठेवून बायको महिनाभर दोह्याला आली. भाभींनी बिर्याणी केली, दोघींनी रडून घेतलं. माझी रजा जोडून आली होती, म्हणून परतताना आम्ही दोघं एकत्रच निघालो. कंपनीच्या रात्रीच्या विमानाला नाही म्हटलं आणि दिवसाची तिकिटं काढली. मनात आलं, इतक्या वर्षांत मी हेलिकॉप्टरमधून बघितलं, हिनं विमानातून बघितलं, आता एकदा दोघांनी मिळून बघू.

खिडकी डाव्या हाताची. ती म्हणाली, ‘‘तुम्हीच बसा खिडकीशी. मी बघितलंय.’’

विमान उडालं, वळलं, किनारा मागे पडला. हवा आरशासारखी स्वच्छ, ओहोटीची वेळ मी भरतीच्या तक्त्यात आधीच बघून ठेवलेली. मी काचेला नाक लावून बसलो. पाणी. आणखी पाणी. निळं, गडद, सपाट. माझ्या हिशेबानं करंजी यायची वेळ झाली, टळली.

‘‘धुकं असेल,’’ बायको म्हणाली.

धुक्याचा मागमूस नव्हता.

‘‘पाणी चढलं असेल हो. कधी दिसतं, कधी नाही.’’

ती भराभर बोलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला कुणीतरी मल्याळीत ओरडलं. मी उठलो. त्या बाजूची मागची एक रांग रिकामी होती, तिथे जाऊन वाकून बघितलं. उजव्या हाताला, खाली, ऐसपैस पसरलेली करंजी. हिरवी. मुरडीसकट. तिच्या पुढे आमची ज्योत.

मी कपाळावर हात मारून घेतला. हेलिकॉप्टरमध्ये समोरासमोर दोन बाकं असत. पुढे तोंड करून गोरे इंजिनियर बसत, आणि आम्ही देशी लोक पायलटकडे पाठ करून. इतकी वर्षं मी समुद्रावर उलट्या तोंडानं गेलो होतो. माझा डावा हात हा हेलिकॉप्टरचा उजवा. इलेक्ट्रिशियन माणूस मी, आयुष्यभर तारांची टोकं तपासली, आणि एवढं कधी माझ्या डोक्यात आलं नाही.

या मूर्खपणाचं मला हसूच येत होतं. बायकोला सांगायला वळलो, आणि हसू जागच्या जागी विरलं. पहिल्या वेळी तिलाही मी डावीच खिडकी दिली होती.

म्हणजे मुरड नाही, ज्योत नाही. पोटात मूल घेऊन ती त्या खिडकीशी बसली असेल आणि तिला तेच दिसलं असेल ज्याची तिला धास्ती होती. नुसतं पाणी, टोकापर्यंत. आणि तरी अंगणात माझं तोंड बघून ती म्हणाली, दिसली की! पुढे प्रत्येक रजेला म्हणाली, झोपते हो. आणि मी करारावर करार करत गेलो.

ती जागेवरून माझ्याकडेच बघत होती. तिला कळलं होतं. मी तिला हातानं बोलावलं. ती आली, खिडकीशी बसली. मी तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं. करंजी तेव्हा मागे सरकायला लागली होती, तरी नीट दिसत होती. ती खूप वेळ बघत राहिली.

‘‘एवढं जवळ आहे होय तुमच्यापासून,’’ ती म्हणाली. ‘‘माणूस खरंच चालत जाईल.’’

‘‘तेव्हा मग तू काय बघितलंस?’’

‘‘तुम्ही सांगितलं होतं ते.’’

माझ्या त्या बायकोवर मी तेव्हा जितकं प्रेम केलं तितकं लग्नाच्या मांडवातही केलं नसेल, आणि तितका रागही मला कधी आला नव्हता, तिचा आणि माझा मिळून. शेवटी एवढंच म्हणालो, ‘‘परत गेल्यावर किनाऱ्यावरची बदली मागतो.’’

‘‘बघा तुम्हाला जमेल तसं,’’ ती म्हणाली. या वेळी तिनं ‘कशाला’ म्हटलं नाही.

आम्ही आपल्या जागांवर परत गेलोच नाही. हवाई सुंदरी जेवणाच्या थाळ्या घेऊन आली तेव्हा मी तिला खूण करून हळू बोलायला सांगितलं. बायको काचेला डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. घरी असलो की कायम मीच आधी घोरायला लागायचो. माझ्याआधी झोपलेलं तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.