थकला का बे?

आमच्या वस्तादांना बसलेला माणूस बघवत नसे. कुणी आखाड्याच्या कडेला जरा टेकला की ते विचारायचे, "थकला का बे?" हो म्हटलं, तर "मंग अंग मोकळं कर, मार बैठका." नाही म्हटलं, तर "मंग बसला काहून?" काही म्हटलं तरी नशिबी बैठकाच.

ते स्वतः डावा गुडघा वाकवून उभे असायचे. तरुणपणी आंधळगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भरणाऱ्या कुस्त्यांच्या दंगलीत तो गुडघा निकामी झाला आणि मानाचा फेटा हुकला. आपल्या एका तरी चेल्याने तो आणावा, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पाळी माझ्यावर आली.

मंडई दिवाळीनंतर, म्हणजे नेमकी धानकापणीत. पहाटे आखाड्याची माती खणायची, जोर मारायचे, लढती धरायच्या. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून विळा चालवायचा आणि संध्याकाळी पुन्हा लंगोट कसायचा. जेवता जेवता मी ताटावरच पेंगायचो. आई म्हणायची, "मरून जाशीन असाच एखाद्या दिवशी." मला वाटायचं, बरंच होईल, निदान पडून तरी राहता येईल.

दंगलीआधी पैलवानाला आराम द्यावा, हे वस्तादांच्या गावीही नव्हतं. मंडईच्या दिवशीही त्यांनी मला पहाटे माती खणायला लावली, मगच बैलबंडी जुंपली.

आंधळगावात माझी जोड ठरली. पाळीला वेळ होता, म्हणून मी बंडीखाली तणसावर आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा दुकानदार पालं सोडत होते आणि वस्ताद माझ्या उशाशी पाय पसरून बसले होते. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वस्ताद, माही कुस्ती?"

"पुकारली. तू नाई आला, समोरच्याले देऊन टाकली."

"तुमी काहून नाई उठवलं मले?"

ते म्हणाले, "आलो होतो उठवाले. तुहे हात झोपेतबी जोर मारून राहिले होते. मंग हिंमतच नाई झाली."

मी रागाने रडलो. घरापर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सवयीने आखाड्यात गेलो आणि कडेला टेकलो.

"थकला का बे?"

"हो."

"मंग बस," ते म्हणाले.

फेटा आमच्या आखाड्यात कधीच आला नाही. पुढे मी नोकरीसाठी तुमसरला गेलो. वस्ताद अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा भेटायला आलो. त्यांची बायको, आम्हा चेल्यांची मामी, दारातच म्हणाली, "तुही वाट पाहून पाहून आत्ताच डोळा लागला त्याईचा. उठवू का गा?"

गोधडीखाली तो गुडघा तसाच वाकलेला होता. चेहरा मात्र निवांत दिसत होता.

"नको मामी, झोपू द्या."

दिवेलागणीपर्यंत मी उशाशी बसलो आणि शेवटच्या एसटीने परतलो. त्यानंतर आला तो ते गेल्याचाच निरोप. बोलणं राहून गेलं, याचं वाईट वाटतं. उठवलं नाही, याचं वाटत नाही.